भल्लाजींनी पाळलेलं माझं पथ्य

माझ्या कोलेस्टेरॉलचं पथ्य एक अख्खा हिवाळा आमचे शेजारी भल्लाजी यांनी पाळलं.

हे वाचून तुम्हाला वाटेल, काय हा शेजारधर्म! तसं काही नव्हतं. त्या बिचाऱ्यांची समजूत होती की कोलेस्टेरॉल त्यांचंच आहे. आणि त्यांची तशी समजूत व्हावी याची सगळी व्यवस्था मी जातीने केली होती.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तेव्हा नुकतेच द्वारकेच्या सोसायटीत राहायला आलो होतो. द्वारका अजून व्हायची होती. रस्ते होते पण दिवे नव्हते, नळ होते पण पाणी टँकरनं यायचं, आणि मेट्रोची नुसती चर्चा होती. देश नवा नवा खुला झालेला. केबल, कॉर्डलेस आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही मंडळी मध्यमवर्गीयांच्या घरात साधारण एकदमच शिरली. त्याआधी आम्हाला रक्तात फक्त ‘ग्रुप’ असतो एवढंच ठाऊक होतं. आता तेलाच्या डब्यावरसुद्धा लाल हृदय काढलेलं असायचं आणि माझी बायको शैला तो डबा दुकानदाराला उलटसुलट करून दाखवायला लावायची.

भल्लाजी आमच्या समोरच्या दाराआड राहायचे. करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. पहिल्याच दिवशी हात पुढे करून म्हणाले, “भल्ला. दहीभल्लेवाला भल्ला!” दहीभल्ला म्हणजे आपला दहीवडा, आणि त्यांच्याकडे पाहून ती ओळख मला तंतोतंत पटली. गोल, मऊ, पांढरे, वरून हसू सांडलेले.

“और आप?”

“जगताप.”

“जगत-ताप! यानी पूरी दुनिया का बुखार?” असं म्हणून ते इतके हसले की जिन्यातली कबुतरं उडाली. (केंद्र सरकारच्या सेक्शन ऑफिसरशी इतक्या मोकळेपणानं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी अर्धवट हसलो.)

आता माझं वर्णन. मी म्हणजे पँटला पट्टा लावलेला बांबू. आमचं कराडकडचं सगळं घराणंच असं. लग्नाच्या ग्रुप फोटोत जगतापांची रांग कुंपणासारखी दिसते. खाणं साधं, चालणं भरपूर, आणि त्याचा मला भयंकर अभिमान. भल्लाजींच्या घरी मात्र सकाळी पराठा तव्यावरून उतरायचा तो थेट पांढऱ्या लोण्याच्या गोळ्याखाली. त्यांच्या पत्नी संतोषभाभी नजफगढच्या गोठ्यातून म्हशीचं दूध आणवून घरी लोणी काढायच्या. वास आमच्या दारापर्यंत यायचा. मी शैलाला म्हणायचो, “बघ, हा माणूस एक दिवस जिन्यातच बसणार.”

“अहो, हळू बोला!”

“मराठीत बोलतोय. त्यांना काय कळतंय?”

तर दिवाळीनंतर सोसायटीत ‘हेल्थ कॅम्प’ भरला. क्लब हाऊसमध्ये टेबल मांडून रक्त घेत होते. मी आणि भल्लाजी पाठोपाठ बसलो. सुई पाहताच भल्लाजींनी डोळे मिटून माझा हात धरला. मी तो धरू दिला. मनात म्हटलं, रिपोर्ट येईल तेव्हा या माणसाला खऱ्या आधाराची गरज लागणार आहे.

रिपोर्ट आले. दोनशेच्या आत हवं असलेलं माझं कोलेस्टेरॉल तीनशेच्या घरात होतं! आणि भल्लाजींचं? शाळकरी पोरासारखं. पावणेदोनशेसुद्धा नाही!

कॅम्पला आलेल्या डॉक्टर निगम म्हणून एक शांत बाई होत्या. त्या म्हणाल्या, “जगतापजी, इसको हल्के में मत लीजिए. दोबारा टेस्ट करवाके मेरे पास आइए.”

“मॅडम,” मी हसून म्हणालो, “मुझे देखिए. और उनको देखिए.”

त्यांनी आम्हा दोघांना बघितलं. “उससे पता नहीं चलता,” त्या म्हणाल्या.

पण मला पत्ता लागला होता! वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस मी. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर जाऊन तिसऱ्याच माणसाची बदली कशी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मी सी-४०३, भल्लाजी सी-४०४. दोघांचं रक्त पाठोपाठ घेतलेलं. अदलाबदल! सरळ सरळ अदलाबदल!

“अहो, पण रिपोर्टवर तुमचं नाव आहे ना?” शैला म्हणाली.

“नाव काय, कोणीही कुठेही लिहील!”

“मग परत तपासून घ्या की.”

“मी कशाला? ज्याचं वाढलंय त्याला आधी सांगायला नको? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?”

आमची मुक्ता तेव्हा नववीत होती. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे मराठीचे निम्मे शब्द वाटेत गळालेले. तिनं विचारलं, “बाबा, माणुसकी मतलब?”

“मतलब मी आत्ता जे करायला चाललोय ते,” असं म्हणून मी समोरची बेल वाजवली.

आत उत्सव चालू होता. रिपोर्ट चांगला आला म्हणून भल्लाजींनी गरम जिलेबी मागवली होती. त्यांच्या हातात एक जिलेबी होती, अर्धी तोंडात, अर्धी बाहेर. “आओ आओ, दुनिया के बुखार! देखा? भल्ला तो बच्चा निकला!”

मी खुर्ची ओढून बसलो आणि मंत्रालयात वाईट बातमी सांगताना लावतो तो आवाज लावला. सगळं समजावून सांगितलं. नंबर, टेबल, रांग, चारशे तीन, चारशे चार. संतोषभाभींनी आधी पदर तोंडाला लावला, मग देवाच्या फोटोकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“मैं तो कब से कह रही थी इनको!”

भल्लाजींनी तोंडातली अर्धी जिलेबी काढली. बशीत ठेवली. इतक्या हळू, की जणू ती फुटेल.

“जगतापजी,” ते म्हणाले, “पक्का?”

“पक्का. मुझे देखिए ना!”

त्यांनी मला बघितलं आणि त्यांची खात्री पटली. (बाकीच्या जिलेब्या वाया जाऊ नयेत म्हणून भाभींनी माझ्यापुढे सरकवल्या. त्या दिवसापासून माझा जो खुराक सुरू झाला तो असा.)

मग मी भल्लाजींना हाती घेतलं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवण्या कापून त्यांच्या फ्रिजवर चिकटवल्या. पराठा बंद. लोणी बंद. लस्सी बंद. सकाळी दुधी भोपळ्याचा रस. त्यांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, “ये पीने का है या लगाने का?” मी म्हटलं, “पीजिए, पीजिए, जान है तो जहान है,” आणि माझ्या हातातल्या मेथीच्या पराठ्याचा तुकडा मोडला. कारण भाभींच्या घरी आता लोणी खाणारं कोणी उरलं नव्हतं, म्हशीला तर हे कोणी सांगितलं नव्हतं! रोज सकाळी लोण्याची वाटी भरून आमच्याकडे यायची. “भाईसाब, आपकी तो नॉर्मल है. आप खाओ. इनके सामने से हट जाए बस!”

शेजाऱ्याच्या प्रकृतीसाठी मी ते खात गेलो. सरसों का साग आला, मक्याच्या रोट्या आल्या, गाजराचा हलवा आला, डिंक घातलेले पिन्नी नावाचे लाडू आले. दिल्लीचा हिवाळा म्हणजे पंजाबी घरांचा खाण्याचा हंगाम, आणि त्या हंगामात चारशे चार नंबरचं सगळं पीक चारशे तीनमध्ये यायला लागलं. वजन माझं तोळाभरही वाढेना. हाही मी पुरावाच धरला!

सकाळी धुक्यात भल्लाजी माकडटोपी घालून सोसायटीला फेऱ्या मारायचे. मी बाकावर शाल पांघरून बसायचो आणि ते धुक्यातून उगवले की ओरडायचो, “शाबाश! और एक!” ते हात वर करायचे आणि परत धुक्यात नाहीसे व्हायचे. दोन महिन्यांत त्यांची पँट सैल झाली. हसू मात्र पँटीच्या आधी सैल झालं. जिन्यात भेटले तर आता “कैसे हो” एवढंच म्हणायचे. कबुतरं निवांत बसून राहायची.

“बाबा,” मुक्ता एकदा म्हणाली, “भल्ला अंकल कितने चुप हो गए ना यार. मला नाही आवडत.”

“प्रकृती सुधारतेय त्यांची.”

“आणि तुमचं? तुम्ही टेस्ट का नाही करत?”

मी तिच्या आईकडे पाहिलं. आईनं लोण्याची वाटी उचलून फ्रिजमध्ये ठेवली आणि काही बोलली नाही. शैला बोलत नाही तेव्हा ती बरोबर असते, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं; पण कळलेलं वापरायची सवय मला नव्हती.

आणि मग रिम्मीचं लग्न आलं. भल्लाजींची एकुलती एक मुलगी. नवरामुलगा कॅनडातला. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर शामियाना, आणि तेव्हाच्या फॅशनप्रमाणे एका बाजूला चायनीजचा स्टॉल आणि पास्ता नावाचा एक पांढरा पदार्थ. पण भल्लाजींचा जीव होता तो दुसऱ्या टोकाला. तिथं अमृतसरहून खास आणवलेले हलवाई बसले होते. रिम्मी जन्मली तेव्हाच म्हणे त्यांनी ठरवलं होतं, हिच्या लग्नात मूग डाळीचा हलवा त्याच घरचा. वीस-बावीस वर्षं ते या हलव्याबद्दल बोलत होते. मला स्वतःला त्यांनी तीनदा वर्णन करून सांगितलं होतं, डोळे मिटून.

त्या संध्याकाळी ते वधूपिता होते आणि मी त्यांचा पहारेकरी. भाभींनी माझ्यावर जबाबदारीच टाकली होती. “भाईसाब, आज इनका ध्यान आप रखना. मैं नहीं देख पाऊँगी.” मी जबाबदारी घेतली की पार पाडतो. भल्लाजी कुलच्यांकडे वळले, मी मधे. भल्लाजी रबडीकडे वळले, मी मधे! कोणाला वाटावं, मी वरपक्षाचा हेर आहे. त्यांच्यासाठी कोपऱ्यात उकडलेल्या भाज्यांची एक बशी मी वेगळी ठेवून घेतली होती. वर लिंबूसुद्धा पिळलं होतं. (मला त्यातही स्वतःचं कौतुक वाटलं होतं.)

निरोपाच्या थोडं आधी रिम्मी आली. हातात हलव्याची वाटी, हातभर लाल चुडा. म्हणाली, “पापा, आपने कुछ खाया ही नहीं. एक चम्मच. मेरे हाथ से.”

भल्लाजींनी तोंड उघडलं. उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी तोंड मिटलं. चमचा तिच्या हातून घेतला, तिलाच भरवला आणि म्हणाले, “तू खा, पुत्तर. मैंने खा लिया.” तिचे डोळे भरले. मी मागे उभा होतो. माझ्या बशीत तोच हलवा होता, दुसऱ्यांदा घेतलेला. फार सुंदर होता. खोटं कशाला बोलू!

रिम्मी कॅनडाला गेली. फेब्रुवारी सरत आला. मी भल्लाजींना म्हटलं, “चलिए, अब टेस्ट कराते हैं. आपकी मेहनत का पता तो चले.” आणि त्यांना एकटं वाटू नये म्हणून मीही रक्त दिलं. त्या वेळी माझ्या मनात असंही होतं की माझा आदर्श रिपोर्ट शेजारी ठेवला म्हणजे त्यांना तुलना करायला बरं पडेल.

डॉक्टर निगम यांच्या दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. आधी भल्लाजींना बोलावलं. ते बाहेर आले ते गोंधळलेले. “कहती हैं, मेरी पहले जैसी ही है. ठीक थी, ठीक है. जगतापजी, कुछ समझ नहीं आया.” मलाही आलं नाही. मी आत गेलो.

बाईंनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. जुना आणि नवा. माझं कोलेस्टेरॉल तीनशेच्या घरातून निघून चारशेच्या दिशेनं बरंच पुढे आलं होतं.

“अदलाबदल नव्हती झाली?” मी मराठीतच बोललो. धक्का बसला की मला हिंदी सुचत नाही.

बाईंना अर्थ कळला असावा. त्या पुढे झुकून माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. नाकाजवळच्या पापणीवर मला लहानसे पिवळट डाग आहेत. “ये कब से हैं?”

“बऱ्याच वर्षांपासून. वडिलांनाही होते. आई त्याला लक्ष्मीची खूण म्हणायची.”

“पिताजी?”

“गेले. पन्नाशीच्या आतच. चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आणि गेले. काकाही तसेच. शेतात.”

“वो भी आप जैसे ही थे? दुबले-पतले?”

मी मान डोलावली. कुंपणासारखी ती सगळी रांग माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्या रांगेतला एकही म्हातारा झालेला पुरुष मला आठवेना.

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी मुक्ताला सांगावं तसं. की कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः बनवतं, यकृतात. काही घराण्यांत ते रक्तातून काढून टाकायची यंत्रणाच जन्मतः कमजोर असते. माणूस बारीक असो की जाडा, ते नळ्यांच्या आत साचत राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही, काही दुखत नाही. लोणी-तूप कमी करायचंच, चालायचंच, पण मला तेवढ्यानं भागणार नाही; गोळी घ्यावी लागेल, रोज, कायमची. आणि भावाला तपासायला सांगा. मुलीलाही.

“वडिलांच्या वेळी ही गोळी होती का हो?” मी विचारलं.

“नहीं,” त्या म्हणाल्या. “आपके टाइम में है. इसलिए खाइए.”

त्याच दिवशी मी कराडला भावाला फोन लावला. “वसंता, रक्त तपासून घे. कोलेस्टेरॉल.”

“मी? अरे दादा, मला बघितलंस का कधी? काडी आहे मी काडी!”

मी फोनवरच इतका ओरडलो की शैला स्वयंपाकघरातून धावत आली. वसंताचंही वाढलेलंच निघालं. मुक्ताचं मात्र ठीक निघालं. त्या संध्याकाळी शैला देवापुढे बराच वेळ बसली होती आणि मी तिच्या मागे, चपला काढून उभा.

पण त्याआधी समोरच्या दारी जायचं होतं. भल्लाजी बाल्कनीत उन्हाला बसले होते. हातात दुधीच्या रसाचा ग्लास. सवयीनंच घेतलेला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. किंवा हसतील, पहिल्यासारखे. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मागच्या मोकळ्या प्लॉटकडे पाहिलं. तिथं आता टँकर उभे होते.

“कोई बात नहीं, जगतापजी,” ते म्हणाले. “आप अपनी दवाई टाइम पे लेना.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “बस, रिम्मी की शादी तो निकल गई.”

मी दुधीच्या रसाचा तो ग्लास उचलला आणि आत जाऊन मोरीत ओतून आलो.

भाभींनी दुसऱ्या दिवशी पराठे केले. वर लोणी ठेवलं. भल्लाजींनी एक खाल्ला, दुसरा अर्धा सोडला. पोटाला सवय राहिली नव्हती म्हणाले. त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते, घोरणं थांबलं होतं, जिना ते माझ्याआधी चढायचे. डॉक्टर त्यांच्यावर बेहद्द खूष होत्या. भल्लाजी स्वतःवर खूष असलेले मात्र मला पुन्हा फारसे दिसले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात रिम्मी माहेरी आली तेव्हा मी त्या सगळ्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. अमृतसरचे हलवाई काही जमले नाहीत, म्हणून शैलानं मूग डाळीचा हलवा स्वतः शिकून केला. दोनदा करपवला, तिसऱ्यांदा जमला. मी रिम्मीच्या हातात वाटी दिली आणि म्हटलं, “बेटा, पापा को खिलाओ.” तिनं चमचा पुढे केला. भल्लाजींनी खाल्ला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

“अच्छा है,” ते म्हणाले. “बहुत अच्छा है, भाभीजी.” आणि शैलाच्या समाधानासाठी आणखी एक चमचा घेतला. ते भले गृहस्थ होते. त्या हलव्याचं वर्णन मात्र त्यांनी पुढे कधी डोळे मिटून कोणाला केलं नाही.

मी गोळी रोज घेतो. तेल मोजून, चालणं न चुकता, आणि धुक्यात आता फेऱ्या मी मारतो. दर काही महिन्यांनी रक्त तपासतो. गेल्या वेळी रिपोर्ट आला आणि आकडा चक्क दोनशेच्या आत! मी नाचतच घरात शिरलो.

शैलानं चष्मा लावला, कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “अहो, हा दुसऱ्या कुणाचा तर नाही ना?”

“काहीतरीच काय! नाव स्पष्ट माझंच आहे!” मी म्हणालो.

नॉर्मल आलेला रिपोर्ट कधी कुणाशी बदलला गेला असेल, अशी शंका मला आजवर एकदाही आलेली नाही.